घरची बिअर फ्रिजमध्ये गेली की गढूळ का होते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पश्चिम लंडनमधल्या घरी तुम्ही वीस लिटर पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, केली. मॅरिस ऑटर माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), यूएस-०५ यीस्ट आणि शेवटी थोडे सुके हॉप्स (कडवटपणा आणि वासासाठी घालतात ती फुलं). दोन आठवडे आंबवली, बाटल्या भरल्या, तीन आठवडे कपाटात ठेवल्या. कपाटातल्या बाटलीतून पलीकडचं स्वच्छ दिसतं. तीच बाटली फ्रिजमध्ये तीन तास ठेवून ग्लासात ओतली की धुरकट. महिन्याभराने दिवाळीला मंडळी येणार, त्यातली निम्मी शाकाहारी. मग जिलेटिन घालावं का, तुरटी चालेल का, मलमलच्या कापडातून गाळून पुन्हा भरावी का, की पुढच्या वेळी यीस्टच बदलावं? आणि जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत की साखर वाया जाऊ नये म्हणून मॅशमधलं (साखर काढायला माल्ट गरम पाण्यात भिजवतात, त्यातलं) धान्य दोनदा उकळत्या पाण्याने धुतलं.

ते जाता जाता लिहिलेलं वाक्यच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पण त्याच्याकडे यायला थोडं फिरून जावं लागेल. कारण निवळण्याच्या बाबतीत बहुतेक जण इथेच फसतात: बिअरमध्ये काय तरंगतंय हे न बघता औषध विचारतात. यीस्ट तरंगत असेल, प्रथिनं आणि टॅनिन असतील, स्टार्च असेल, हॉप्सचा चुरा असेल किंवा नको ते जंतू असतील. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

तुमच्या बाबतीत निदान सोपं आहे, कारण निदानाची चाचणी तुम्ही नकळत करून बसला आहात. गरम असताना स्वच्छ, गार झाली की गढूळ, हे थंडीने येणाऱ्या गढूळपणाचं ठळक लक्षण. इंग्लंडमधले बिअर करणारे याला 'चिल हेझ' म्हणतात. यात बार्लीतली काही प्रथिनं आणि धान्याच्या सालीतून व हॉप्समधून आलेली टॅनिनं, म्हणजे पॉलिफेनॉल, एकमेकांना सैल धरून बसतात. पकड हायड्रोजन बंधांची, म्हणजे कच्ची. वीस अंशांच्या आसपास ती सुटते आणि दोन्ही विरघळलेल्या अवस्थेत जातात, डोळ्यांना काही दिसत नाही. शून्य ते चार-पाच अंशांत ती पुन्हा जुळते, कण तयार होतात आणि प्रकाश विखुरतो. खात्री करायची असेल तर गढूळ ग्लास तासभर टेबलावर तसाच ठेवा. खोलीच्या तापमानाला येता येता तो निवळला तर विषय संपला. आणि आधी ग्लास बाहेरून कापडाने पुसून घ्या. गार ग्लासाबाहेर साचलेल्या दवाला बिअरचा दोष समजणारे लोक मी पाहिले आहेत.

हे कण किती बारीक असतात हे कळलं की पुढचा सगळा हिशेब लागतो. यीस्टची पेशी साधारण पाच ते दहा मायक्रॉनची. थंडीच्या गढूळपणातले कण बहुतेक एका मायक्रॉनच्याही आतले. द्रवात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो, म्हणजे व्यास दहावा हिस्सा झाला तर बसायला शंभरपट वेळ. त्यामुळे यीस्ट काही दिवसांत तळाला जातं आणि हे कण लटकत राहतात. तीन तासांच्या फ्रिजमध्ये ते फक्त तयार होतात, बसायला त्यांना सवड मिळत नाही. म्हणूनच तुम्ही बघता ती बिअर तिच्या सगळ्यात वाईट रूपात दिसते. कपाटात स्वच्छ, दोन आठवडे गार ठेवली तर पुन्हा बऱ्यापैकी स्वच्छ, आणि मधल्या काही तासांत गढूळ. तुम्ही नेमकी मधली वेळ पकडलीत.

बाकीचे संशयित थोडक्यात उरकतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची बिअर कपाटातही गढूळ असू शकेल. बाटली हलक्या हाताने फिरवल्यावर तळातून ढग उठत असेल आणि एक-दोन दिवसांत परत बसत असेल तर ते यीस्ट. त्याला गारवा आणि थांबण्याची तयारी पुरते. कितीही दिवस ठेवा, गरम-गार काहीही करा, धूसरपणा तसाच राहिला तर स्टार्चची शंका घ्यावी. पांढऱ्या बशीत चमचाभर बिअर घेऊन त्यात आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं-काळं झालं तर मॅशमध्ये स्टार्चची पूर्ण साखर झालेली नाही (हा नमुना फेकून द्यायचा, प्यायचा नाही). ओट्स किंवा गव्हाचे पोहे नुसतेच गरम पाण्यात भिजवून घातले, मॅश केलेच नाहीत, तर हे हमखास होतं. आणि बिअर आंबट लागते आहे, पृष्ठभागावर पातळ साय धरली आहे, बाटलीच्या मानेत आतून कडं दिसतंय, झाकण काढताच फेस उसळून बाहेर येतोय, यांतलं काही असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. तिथे निवळवण्याची कुठलीही पूड कामाची नाही. अशा बाटल्या लगेच फ्रिजमध्ये टाका आणि उघडताना वर कापड धरा. आत दाब वाढत गेला तर काच फुटते.

आता ते उकळतं पाणी.

धान्याच्या सालीत टॅनिन असतं आणि ते बाहेर यायला दोन गोष्टी लागतात: जास्त उष्णता आणि जास्त पीएच, म्हणजे कमी आंबटपणा. मॅश चालू असतो तेव्हा दोन्ही ताब्यात असतात. तापमान पासष्टच्या आसपास, पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान. धुताना मात्र हाताबाहेर जातं. वर्टमधली, म्हणजे धान्यातून निघालेल्या गोड पाण्यातली, साखर निघून जाते तसा पीएचला धरून ठेवणारा आधार जातो, आणि पाण्याचा स्वतःचा गुणधर्म वरचढ होऊ लागतो. म्हणून धुण्याचं पाणी असं घ्यावं की धान्याच्या थराचं तापमान ७७ अंशांच्या वर जाणार नाही, आणि शेवटी येणाऱ्या पातळ वर्टचा पीएच सहाच्या खाली असतानाच थांबावं. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण) १.०१० च्या खाली उतरला की त्या टोपातून मिळणारी साखर नगण्य असते, टॅनिन मात्र भरपूर. तुम्ही वाचवलेली साखर फार तर एका बाटलीची असेल. तिच्यापायी सालीतलं टॅनिन सगळ्या वीस लिटरांत उतरलं.

त्यात तुम्ही लंडनचे. लंडनचं नळाचं पाणी खडूच्या थरांतून आणि त्यावरून वाहणाऱ्या थेम्स-लीसारख्या नद्यांतून येतं. किटलीत पांढरा थर धरतो तो याचाच. या पाण्याची क्षारता बऱ्याच भागांत लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅमच्या घरात असते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. क्षारता म्हणजे आम्लाला तोंड देण्याची ताकद. काळसर भाजलेलं माल्ट स्वतः आम्लधर्मी असतं, ते या पाण्याला पुरून उरतं. लंडनने काळ्या पोर्टरसाठी नाव कमावलं आणि फिकट एलसाठी ट्रेंट नदीकाठच्या बर्टनने, त्यामागे पाण्याचा हात मोठा आहे. बर्टनच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर. ते मॅशचा पीएच खाली ओढतं. तुम्ही फिकट माल्ट लंडनच्या नळाखाली धरलंत, तेव्हा पीएच ५.८ च्या आसपास गेला असणार, आणि धुताना आणखी वर. हा माझा अंदाज आहे, मोजमाप नाही. पण लंडनमधल्या ज्या ज्या गढूळ पेल एलची मी चौकशी केली त्यात हेच मूळ वारंवार सापडलं. तुमची बिअर पिऊन झाल्यावर जिभेच्या कडांना किंचित तुरट कोरडेपणा राहतो का, ते बघा. राहत असेल तर अंदाज बरोबर आहे.

उपाय महाग नाही. तुमच्या पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की पाण्याचा अहवाल मिळतो. त्यातली क्षारता बघा आणि मॅशचं व धुण्याचं, दोन्ही पाणी आम्लाने खाली आणा. लॅक्टिक ॲसिड सगळीकडे मिळतं, पण इतकी क्षारता एकट्या त्याने मारायची म्हटलं तर चव जाणवायला लागते. इंग्लंडमधल्या होमब्रू दुकानांत हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं पातळ, मोजून वापरायचं मिश्रण मिळतं, मी तेच वापरतो. आम्लाचा धसका असेल तर निम्मं पाणी आरओचं घ्या. कॅल्शियमची काळजी लंडनमध्ये करावी लागत नाही, ते मुळातच पुरेसं आहे. मऊ पाण्याच्या गावात, समजा मँचेस्टर किंवा ग्लासगोत, उलटी गत: तिथे क्षारता नसते, पण कॅल्शियमही नसतं, आणि लिटरला निदान ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असल्याशिवाय यीस्टच्या पेशी एकमेकींना नीट धरत नाहीत. तिथल्या माणसाने जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घालायचं. म्हणून 'पाण्यात काय घालू' याचं एकच उत्तर कुणी देत असेल तर आधी त्याचं गाव विचारा.

मॅशनंतरचा दुसरा टप्पा उकळीचा. गढूळपणा करणारी प्रथिनं इथे मोठ्या प्रमाणात बाहेर काढता येतात, आणि फुकट. उकळी खळखळती हवी, वर्ट वरखाली फिरलं पाहिजे, साठ मिनिटं. नुसते कडेने बुडबुडे येत असतील तर ती उकळी नाही. वीस-पंचवीस लिटरच्या टोपाला घरातली शेगडी पुरत नाही. झाकण अर्धवट ठेवून किंवा टोपाला बाहेरून उष्णतारोधक गुंडाळून काम भागतं, पण झाकण पूर्ण बंद करू नका. पहिल्या काही मिनिटांत वर्टमध्ये पांढुरके पुंजके दिसू लागतात, ती गोठलेली प्रथिनं.

उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत समुद्री शेवाळाची गोळी. आयरिश मॉस म्हणून जे मिळतं ते काँड्रस क्रिस्पस नावाचं लाल शेवाळ. प्रोटाफ्लॉक, व्हर्लफ्लॉक या गोळ्यांत त्याच जातीतलं कॅराजीनन शुद्ध करून घातलेलं असतं. ते प्रथिनांना धरतं आणि गार होताना मोठे पुंजके करून खाली ओढतं. तेवीस लिटरला अर्धी गोळी. पूर्ण घातली तर दुप्पट निवळेल असं नाही. तळाला सैल, फुगीर गाळ होतो, तो दबत नाही आणि त्यात दोन-तीन लिटर वर्ट अडकून जातं. तासभर उकळवत ठेवलं तर कॅराजीनन तुटून निकामी होतं, म्हणून शेवटीच. ही गोळी वनस्पतीची आहे, तुमच्या शाकाहारी पाहुण्यांची काही हरकत असायचं कारण नाही. तुमच्या पाककृतीत ती दिसली नाही. पुढच्या वेळी एवढी एक गोष्ट जरी केलीत तरी फरक डोळ्यांना दिसेल.

मग झटपट गार करणं. तांब्याच्या नळीचं वेटोळं टोपात सोडून त्यातून नळाचं पाणी फिरवलं तर इंग्लंडच्या थंडीत अर्ध्या तासात वर्ट वीस अंशांवर येतं, उन्हाळ्यात जास्त वेळ लागतो. वेगाने गार झालं तर प्रथिनांचा आणखी एक हप्ता गोठून बाहेर पडतो. रात्रभर टोप तसाच ठेवून सकाळी यीस्ट घालणाऱ्यांचीही बिअर होते, छान होते, फक्त त्यांना पुढे गारव्यात जास्त थांबावं लागतं.

यीस्टबद्दल विचारलंत. यूएस-०५ हे पावडरी यीस्ट, सावकाश बसतं आणि धक्का लागला की उठतं. एस-०४ किंवा नॉटिंगहॅम वापरलंत तर तळाला घट्ट थर बसेल आणि ओतताना हलणार नाही. लंडन ईएसबी नावाने मिळणारं द्रव यीस्ट तर आंबवणं संपता संपता इतके मोठे पुंजके करतं की फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, बघत राहावं. त्याचा तोटाही तिथेच: कधी कधी काम पुरं होण्याआधीच ते खाली बसतं आणि बिअर गोडसर राहते. मग फर्मेंटर हलकेच फिरवून, दोन अंश तापमान वाढवून त्याला उठवावं लागतं. यीस्ट पेशी एकमेकींना धरतात ते पेशीभिंतीवरच्या प्रथिनांमुळे, आणि वर्टमध्ये साखर शिल्लक असेपर्यंत ती प्रथिनं साखरेलाच धरून बसतात. त्यामुळे आंबवणं पूर्ण होण्याआधी निवळण्याची अपेक्षा करू नये, आणि त्याआधी गार तर मुळीच करू नये. पण हे लक्षात ठेवा: तुमचा त्रास यीस्टचा नाही. यीस्ट बदललंत तर गाळ घट्ट बसेल, थंडीची धूसरता जाणार नाही.

आंबवणं संपल्यावर, बाटल्या भरायच्या आधी, फर्मेंटर शून्य ते दोन अंशांवर तीन-चार दिवस ठेवणं याला मी निवळण्यातलं सगळ्यात भरवशाचं पाऊल मानतो. जुना फ्रिज आणि वीस-तीस पौंडांचा थर्मोस्टॅट पुरतो. जानेवारीत बागेतली शेडसुद्धा चालते, तिथे तीन-पाच अंश असतात. मग तीन दिवसांऐवजी दहा दिवस. गारव्यात धूसरपणाचे कण तयार होतात, एकमेकांना चिकटतात, काही प्रमाणात यीस्टसोबत खाली बसतात, आणि आपण वरची बिअर काढून घेतो. म्हणजे बाटलीत जे घडणार होतं त्यातलं बरंचसं फर्मेंटरमध्येच घडवून मागे टाकतो. दोन गोष्टी सांभाळा. गार होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतलं) पाणी व बाहेरची हवा आत ओढली जाते. हॉप्सच्या बिअरला ती हवा बाधते, वास मंदावतो. कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा तोंडावर लावला तर हवेऐवजी तो ओढला जातो. पातळ प्लॅस्टिकची बादली मात्र हवाबंद करून गार करू नका, ती आत दबते. दुसरं, बाटलीत घालायच्या साखरेचा हिशेब करताना बिअरचं आत्ताचं, शून्य अंशाचं तापमान धरायचं नाही. आंबवणं संपल्यावर ती जास्तीत जास्त ज्या तापमानाला होती ते धरायचं. शून्य धरून हिशेब केलात तर साखर कमी पडेल आणि बिअर मरगळलेली लागेल. यीस्ट इतकं निवळल्यावर बाटलीत फेस धरेल का, ही भीती सगळ्यांना वाटते. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या बिअरमध्येही त्यासाठी पुरेशा पेशी असतात. मी कधी वरून यीस्ट घातलेलं नाही.

आता तुरटी आणि जिलेटिन. तुरटीचा विचार तुमच्या मनात आला याचं मला नवल वाटलं नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि तत्त्व खरंच तेच आहे. पाण्यातले मातीचे कण ऋण विद्युतभाराचे असतात, एकमेकांना दूर ढकलतात म्हणून बसत नाहीत. तुरटी त्यांचा भार मारते, स्वतःचा कापसासारखा साका करते आणि त्यांना घेऊन खाली जाते. पण हे घडतं पाण्याच्या, म्हणजे सहा ते आठच्या पीएचला. बिअरचा पीएच चार-सव्वाचारच्या आसपास. तिथे ॲल्युमिनियमचा साका होत नाही, ते विरघळून राहतं आणि बिअरला तुरट चव देतं. तेव्हा तुरटी नको.

जिलेटिन त्याच तत्त्वावर, पण बिअरच्या आंबटपणात चालणारं. त्या पीएचला त्यावर धन भार असतो, यीस्टवर ऋण. ते यीस्टला धरतं आणि थंडीत तयार झालेल्या कणांनाही गुंतवतं. वीस लिटरला अर्धा ते एक चहाचा चमचा, दीडशे मिलिलिटर पाण्यात भिजवायचं, ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करून विरघळवायचं, उकळायचं नाही, आणि आधीच गार झालेल्या बिअरमध्ये ओतायचं. 'आधीच गार' याला फार महत्त्व आहे. कोमट बिअरमध्ये धूसरपणाचे कण तयारच झालेले नसतात, मग जिलेटिन धरणार कशाला? दोन दिवसांत बिअर लखलखीत होते. हे सगळं फर्मेंटरमध्ये किंवा केगमध्ये (दाब सहन करणाऱ्या धातूच्या पिंपात). भरलेल्या बाटल्यांत आता जिलेटिन घालता येणार नाही.

आणि जिलेटिन गाई-डुकरांच्या कातड्या-हाडांपासून होतं. इंग्लंडच्या पबमधल्या पिंपातल्या एलसाठी पिढ्यानपिढ्या वापरतात ते आयसिंग्लास माशांच्या वाताशयापासून. ग्लासात त्याचा अंशही उरत नाही असं सांगणारे भेटतात, आणि युरोपात बिअर-वाइन निवळवायला वापरलेल्या आयसिंग्लासला माशाच्या ॲलर्जीची सूचना लेबलवर छापण्यापासून सूटही आहे. पण शाकाहारी पाहुण्याचा प्रश्न अंश उरला का हा नसतो. त्याला न सांगता पाजू नये, एवढं साधं आहे. (पाहुणा माळकरी असेल तर बिअरचा प्रश्नच मिटला.) गिनेसने २०१५ मध्ये आयसिंग्लास सोडायचं जाहीर केलं ते याच मागणीमुळे, तेव्हा तुमचे पाहुणे काही जगावेगळं मागत नाहीत. खिरीत जिलेटिनऐवजी चायना ग्रास चालतं म्हणून बिअरमध्येही चालेल, असं एका मित्राचं म्हणणं होतं. चालत नाही: जिलेटिन इथे घट्टपणासाठी घालत नाहीत, त्याच्या धन भारासाठी घालतात, आणि तो चायना ग्रासवर नाही. शिवाय गार बिअरमध्ये पडताच त्याच्या गुठळ्या होतात.

शाकाहारी पर्याय आहेत. सिलिका सोल ऋण भाराचं असतं आणि प्रथिनांना धरतं. पीव्हीपीपी ही प्लॅस्टिकच्या जातीची अतिबारीक पूड टॅनिनला धरते आणि गाळासोबत मागे राहते. तुमचा दोष टॅनिनचा आहे, त्यामुळे औषध म्हणून मला हे जास्त पटतं. मात्रा पाकिटावर असते, गार बिअरमध्ये ढवळून एक-दोन दिवस ठेवायचं आणि वरची बिअर काढून घ्यायची. तिसरा पर्याय ब्रूअर्स क्लॅरेक्स, होमब्रूच्या छोट्या कुपीत क्लॅरिटी फर्म या नावाने मिळतो. हे बुरशीपासून काढलेलं विकर आहे. यीस्टसोबतच घालायचं, गढूळपणा करणाऱ्या प्रथिनांत प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, हे विकर त्यांना नेमकं तिथेच तोडतं. मग टॅनिनला धरायला जोडीदारच उरत नाही. मी पाण्याची क्षारता मारतो, शेवाळाची गोळी घालतो, गार ठेवतो, आणि वरच्या तीन पर्यायांतलं काहीही वापरत नाही. कुणाला स्पर्धेत बिअर पाठवायची असेल तर गोष्ट वेगळी.

मलमलचं कापड मात्र विसरा. त्याची भोकं शेकडो मायक्रॉनची, आपले कण एका मायक्रॉनच्या आतले. कणांतला एकही अडणार नाही; वर बाटल्या उघडून ओतताना हवा मिसळेल, वायू उडेल, आणि आठवड्याभरात बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागेल. खऱ्या फिल्टरला केग आणि गॅसचा दाब लागतो, आणि तो यीस्टही काढून टाकतो, म्हणजे बाटलीत फेस धरणं बंद.

एक आगाऊ मत, हवं तर सोडून द्या. थंडीच्या धूसरपणाला स्वतःची चव नसते. बिअर आरपार दिसली पाहिजे हा हट्टही फार जुना नाही. प्लझेनमध्ये (आजच्या चेक प्रजासत्ताकात) १८४२ साली योसेफ ग्रोलने सोनेरी पिल्सनर काढली, ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला, आणि कथलाच्या मगांतून दिसत नव्हतं ते काचेतून दिसू लागलं. जर्मन गव्हाची बिअर आजही गढूळच द्यायची पद्धत आहे, आणि हल्लीच्या धूसर आयपीए (भरपूर हॉप्सची पेल एल) तर मुद्दाम ओट्स आणि सुके हॉप्स ओतून गढूळ करतात. तुमच्याही बिअरला थोडी धूसरता सुक्या हॉप्समुळे आलेली असणार, तेवढी राहिली तर वाईट वाटून घेऊ नका. तुरटपणा असेल तर मात्र तो दोष आहे, आणि तो पुढच्या बिअरमध्ये मॅशपासूनच सुधारायचा.

पुण्या-मुंबईतल्या कुणी हे वाचून टोप शोधायला लागू नये म्हणून: ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी.

तर दिवाळीच्या बाटल्या. तीन आठवड्यांत फेस धरला असेल, आधी एक उघडून बघा. धरला असेल तर सगळ्या आजच फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, आडव्या नको, दारात तर नकोच. दार उघडझाक होताना गाळ हलतो. फ्रिज जितका शून्याजवळ नेता येईल तितका न्या, पण बिअर गोठू देऊ नका. दोन आठवड्यांत फरक दिसायला लागेल, तीन-चार आठवड्यांत चांगला दिसेल. त्या काळात बाटल्या बाहेर काढून पुन्हा आत ठेवू नका. बाहेर काढल्या की बसलेला साका विरघळतो आणि सगळं पहिल्यापासून; शिवाय असं वारंवार गरम-गार झालं की कच्चे बंध हळूहळू पक्के होतात, आणि मग तो गढूळपणा खोलीच्या तापमानालाही जात नाही.

ओतताना बाटली एकदाच तिरकी करा आणि न थांबता, एका धारेत जगमध्ये रिकामी करा, तळाचा बोटभर भाग सोडून. अर्धी ओतून बाटली सरळ केली की तळ ढवळला जातो, म्हणून थेट दोन ग्लासांत वाटण्यापेक्षा जग बरा. आणि फराळ दुसऱ्या कुणाच्या घरी असेल तर बाटल्या त्या दिवशी गाडीतून नेऊ नका. एक-दोन दिवस आधी पोचवून त्यांच्या फ्रिजमध्ये उभ्या करून ठेवायला सांगा.